निर्णायक शर्यत (मोटारशर्यती)

निर्णायक शर्यत : मोटारशर्यतींच्या अजिंक्यपद मालिकेत हंगामाच्या अखेरीस येणारी, विजेतेपदाचा निकाल जिच्यावर अवलंबून असतो अशी शर्यत. ती बहुधा हंगामातली शेवटचीच असते, पण तसे असलेच पाहिजे असे नाही. १९८९ आणि १९९० मध्ये फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींच्या जागतिक मालिकेत जपानमधील सुझुकाच्या शर्यतीनंतर ऑस्ट्रेलियातली एक शर्यत बाकी होती, तरी जगज्जेतेपदाचा फैसला सुझुकालाच झाला. काही हंगामांत अशी शर्यत येतच नाही. २००२ मध्ये मायकेल शूमाकरने सहा शर्यती शिल्लक असताना, जुलैमध्येच फ्रान्समध्ये विजेतेपद पक्के केले. भारतातल्या ग्रां प्रीच्या (मालिकेतल्या एका शर्यतीच्या) वाट्यालाही असा एक दिवस आला : २७ ऑक्टोबर २०१३ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सेबॅस्टियन व्हेटेलने तीन शर्यती राखून आपले चौथे जगज्जेतेपद मिळवले. मात्र खऱ्या अर्थाने निर्णायक म्हणावी ती शर्यत, जिच्या सुरुवातीला दोन किंवा अधिक चालकांना संधी असते आणि शेवटी एकालाच काही मिळते.

या नोंदीत मुख्यतः फॉर्म्युला वनचा विचार केला आहे, कारण १९५० पासूनच्या तिच्या इतिहासात अशा शर्यतींचे जवळजवळ सगळे प्रकार सापडतात.

गुणांचे गणित : एरवीच्या शर्यतीत पहिला येणे हेच उद्दिष्ट असते. निर्णायक शर्यतीत ते एकाचे असते, दुसऱ्याला कदाचित पाचवा क्रमांकही पुरतो. म्हणून एकाच ट्रॅकवर दोन शर्यती चालू असल्यासारखे होते. एक डोळ्यांना दिसणारी, दुसरी कागदावरची. पहिलीचा विजेता आणि दुसरीचा विजेता वेगळा असण्याचेच प्रसंग अधिक आहेत. आघाडीवर असलेल्या चालकाची कोंडी यातूनच होते. त्याने वर्षभर ज्या धाडसाने आघाडी कमावली, तेच धाडस त्या दिवशी त्याला परवडत नाही. पिछाडीवर असलेल्याला गमवायचे काही नसते, त्यामुळे त्याचा हात मोकळा असतो.

हे समीकरण गुणपद्धतीप्रमाणे बदलत आले. सुरुवातीला पहिल्या पाच जणांना ८, ६, ४, ३ आणि २ गुण मिळत आणि सर्वांत वेगवान फेरीला एक. २०१० पासून विजेत्याला २५ आणि दुसऱ्याला १८ गुण आहेत. १९९० पर्यंत चालकाच्या ठरावीक संख्येच्या सर्वोत्तम निकालांचेच गुण धरले जात, बाकीचे सोडून द्यावे लागत. १९८८ मध्ये अ‍ॅलन प्रॉस्टने एकूण १०५ गुण मिळवले आणि आयर्टन सेनाने ९४. पण सर्वोत्तम अकरा निकाल धरल्यावर सेनाचे ९० आणि प्रॉस्टचे ८७ भरले व सेना जगज्जेता झाला. २०१४ मध्ये उत्कंठा वाढवण्यासाठी अखेरच्या शर्यतीला दुप्पट, म्हणजे विजयाला ५० गुण ठेवले गेले. एका दिवसाचे मोल असे हाताने वाढवणे पुष्कळांना रुचले नाही आणि ती तरतूद पुढच्याच हंगामात काढून टाकली. ते योग्यच झाले. अखेरच्या शर्यतीचे वजन आधीच्या सगळ्या शर्यतींतून साचत येते, ते वरून घालता येत नाही.

याचे उत्तम उदाहरण १९८४ चे. त्या वर्षी जूनमध्ये मोनॅकोची शर्यत मुसळधार पावसामुळे मध्येच थांबवली गेली. प्रॉस्ट पहिला होता, मागून नवखा सेना झपाट्याने जवळ येत होता. शर्यत अपुरी राहिल्याने गुण निम्मे झाले आणि प्रॉस्टला नवाऐवजी साडेचार मिळाले. २१ ऑक्टोबरला पोर्तुगालमधील एस्टोरिलला प्रॉस्टने शर्यत जिंकली, पण मॅक्लारेनमधला त्याचाच सहकारी निकी लाउडा अकराव्या स्थानावरून निघून दुसरा आला. लाउडा ७२, प्रॉस्ट ७१.५. मोनॅकोला शर्यत पूर्ण होऊन प्रॉस्ट दुसरा आला असता, तरी त्याला सहा गुण मिळून तोच जगज्जेता ठरला असता.

तिसरा माणूस : निर्णायक शर्यतींच्या वर्णनात दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर उभे केले जातात. निकाल मात्र कित्येकदा विजेतेपदाशी काडीचाही संबंध नसलेल्या तिसऱ्याच चालकामुळे फिरतो. या शर्यतींचे हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

१९५६ मध्ये मोंझाला हुआन मॅन्युएल फँजिओची फेरारी बिघडली. त्या काळी एका शर्यतीत दुसऱ्याची गाडी घेता येत असे. पीटर कॉलिन्सला स्वतःलाही विजेतेपदाची अंधूक संधी होती. तरीही तो पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या थांब्यावर) उतरला आणि आपली गाडी फँजिओला दिली. फँजिओ दुसरा येऊन चौथ्यांदा जगज्जेता झाला.

मेक्सिकोतली २५ ऑक्टोबर १९६४ ची शर्यत तर तिहेरी होती. ग्रॅहम हिलचे ३९, जॉन सर्टीसचे ३४ आणि जिम क्लार्कचे ३० गुण होते. फेरारीचा लोरेंझो बांदिनी हिलच्या गाडीवर आदळला आणि हिल मागे पडला. पुढे धावणाऱ्या क्लार्कची ऑइल गळती होऊन अगदी शेवटच्या टप्प्यावर त्याचे इंजिन गेले. क्षणभर विजेतेपद पुन्हा हिलकडे आले. मग फेरारीच्या पिटमधून खूण झाली आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या बांदिनीने संघातल्या सर्टीसला पुढे जाऊ दिले. शर्यत डॅन गर्नीने जिंकली. सर्टीस ४० विरुद्ध ३९ अशा एका गुणाने जगज्जेता झाला. हिलने एकूण ४१ मिळवले होते, पण त्यातले दोन सर्वोत्तम निकालांच्या नियमामुळे गळाले. मोटारसायकल आणि मोटार या दोन्हींवर जगज्जेता झालेला सर्टीस हा आजवरचा एकमेव चालक आहे.

२ नोव्हेंबर २००८ रोजी साओ पाउलोच्या इंटरलागोस ट्रॅकवर हे सारे आणखी थोडक्या वेळात घडले. घरच्या प्रेक्षकांसमोर फेलिपे मासाने शर्यत जिंकली. लुईस हॅमिल्टनला पाचवा क्रमांक हवा होता आणि तो सहावा होता. शेवटच्या काही फेऱ्यांत पाऊस आल्यावर बहुतेकांनी ओल्या ट्रॅकचे टायर घेतले होते. टोयोटाच्या टिमो ग्लॉकने मात्र कोरड्या ट्रॅकचेच ठेवून वर जाण्याचा डाव खेळला होता. पाऊस वाढला, त्याच्या टायरची पकड सुटत गेली, आणि ७१ व्या फेरीच्या अखेरच्या वळणांवर हॅमिल्टन त्याला ओलांडून पाचवा झाला. तोपर्यंत मासा रेषा पार करून गेला होता आणि फेरारीच्या गॅरेजमध्ये जल्लोष सुरू झाला होता. हॅमिल्टन ९८, मासा ९७. हॅमिल्टन सहावा राहिला असता तर दोघांचे गुण सारखे होऊन सहा विरुद्ध पाच विजयांच्या बळावर मासा जगज्जेता ठरला असता. ग्लॉकने मुद्दाम वाट दिली, असा आरोप त्यानंतर बराच काळ होत राहिला. घसरड्या ट्रॅकवर चुकीच्या टायरवर गाडी कशीबशी सावरणाऱ्या चालकावर तो अन्यायच होता.

दोन वर्षांनी, १४ नोव्हेंबर २०१० ला, अबुधाबीत चार जण विजेतेपदाच्या शर्यतीत होते. आघाडीवरच्या फर्नांडो अलोन्सोच्या संघाने प्रतिस्पर्धी मार्क वेबरवर नजर ठेवून लवकर पिटथांबा घेतला आणि अलोन्सो रेनॉच्या व्हिताली पेत्रोव्हमागे अडकला. उरलेल्या शर्यतीभर त्याला ती एक गाडी ओलांडता आली नाही. तो सातवा आला. शर्यत जिंकणारा व्हेटेल चार गुणांनी जगज्जेता झाला. त्या संपूर्ण हंगामात व्हेटेल गुणतक्त्यात पहिला आला तो त्याच दिवशी.

हवामान आणि टायर : हंगामाची अखेर उत्तर गोलार्धात शरदातली असते, त्यामुळे पाऊस हा या शर्यतींचा जुना भागीदार. २४ ऑक्टोबर १९७६ ला जपानमधील फुजी येथे पाऊस व धुक्यामुळे शर्यत उशिरा सुरू झाली. लाउडा तीन गुणांनी पुढे होता. १ ऑगस्टला न्युरबुर्गरिंगला तो पेटत्या गाडीत होरपळला होता आणि सहा आठवड्यांत परतला होता. पापण्यांच्या इजेमुळे त्याला नीट डोळे मिटता येत नव्हते. दोन फेऱ्यांनंतर तो पिटमध्ये आला आणि अशा परिस्थितीत गाडी चालवणार नाही, असे त्याने सांगितले. इंजिन बिघडल्याचे कारण पुढे करण्याची तयारी संघाने दाखवली. लाउडाने ते नाकारले. जेम्स हंट टायर बदलून मागे पडला, पुन्हा वर चढला आणि तिसरा आला. ६९ विरुद्ध ६८. आपण जगज्जेता झालो आहोत हे गाडी थांबल्यावर त्याला दुसऱ्यांनी सांगावे लागले. त्या दिवशी सर्वांत धीराचे काम कोणी केले असे विचारले, तर लाउडाचेच नाव घ्यावे लागेल.

कोरड्या ट्रॅकवर टायर हीच परीक्षा. २६ ऑक्टोबर १९८६ ला अ‍ॅडलेडमध्ये नायजेल मॅन्सेलला तिसरा क्रमांक पुरेसा होता. प्रॉस्टची गाडी पंक्चर झाल्याने त्याला आधीच टायर बदलावे लागले होते. काढलेले टायर तपासून तंत्रज्ञांनी अंदाज केला की टायर शेवटपर्यंत टिकतील. मग ६४ व्या फेरीत, सरळ पट्ट्यावर ताशी सुमारे २९० किलोमीटर वेगाने जाताना मॅन्सेलचा मागचा डावा टायर फुटला. ठिणग्यांचा लोट उडवत हेलकावणारी ती गाडी त्याने कुठेही न आपटता थांबवली. विल्यम्स संघाने खबरदारी म्हणून मॅन्सेलचा सहकारी नेल्सन पिके याला पिटमध्ये बोलावले आणि प्रॉस्ट शर्यतीसह विजेतेपद घेऊन गेला.

टक्कर : दोघांपैकी एकाचे काम प्रतिस्पर्ध्याच्या शून्याने भागत असेल, तर मोहाचा क्षण येतो. १९८९ मध्ये सुझुकाच्या चिकेनवर (वेग कमी करायला लावणाऱ्या दुहेरी वळणावर) प्रॉस्ट आणि सेना एकमेकांत अडकले. सेना पुन्हा धावून पहिला आला, पण अपात्र ठरला. पुढच्या वर्षी तिथेच, पहिल्याच वळणावर सेनाने प्रॉस्टला धडक दिली. ती हेतुपुरस्सर होती हे त्याने वर्षभराने स्वतः कबूल केले. १९९४ मध्ये अ‍ॅडलेडला शूमाकर आणि डेमन हिल आदळून दोघेही बाद झाले आणि शूमाकर एका गुणाने जगज्जेता झाला. २६ ऑक्टोबर १९९७ ला हेरेझला त्याने जाक व्हिलन्यूव्हवर गाडी घातली, तेव्हा मात्र त्याचीच गाडी खडीत रुतली. व्हिलन्यूव्ह तिसरा येऊन जगज्जेता झाला. मोटारशर्यतींचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाने शूमाकरला त्या हंगामाच्या गुणतक्त्यातून काढून टाकले. त्याचे शर्यतींतले विजय मात्र कायम राहिले. ही शिक्षा १९९० मध्येच झाली असती तर पुढचे दोन प्रसंग टळले असते, असे मानायला जागा आहे.

अधिकाऱ्यांचा निर्णय : १२ डिसेंबर २०२१ ला अबुधाबीत हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन प्रत्येकी ३६९.५ गुणांनी उतरले. आघाडीचे दोघे अखेरच्या शर्यतीला समान गुणांवर असण्याची १९७४ नंतरची ही पहिलीच वेळ. पाच फेऱ्या उरल्या असताना निकोलस लतिफीची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार (धोका टळेपर्यंत सगळ्यांना संथपणे आपल्या मागे चालवणारी गाडी) आली. व्हर्स्टापेनने नवे मऊ टायर घेतले, हॅमिल्टन जुन्यांवरच राहिला. एक फेरी मागे असलेल्या गाड्यांपैकी केवळ या दोघांमधल्या पाच गाड्यांना पुढे काढण्याची परवानगी शर्यत संचालक मायकेल मासी यांनी दिली आणि शेवटची एकच फेरी खुली झाली. व्हर्स्टापेनने हॅमिल्टनला ओलांडले. महासंघाच्या अहवालाने पुढे मानवी चूक मान्य केली, मासी यांना पदावरून हटवले गेले, नियमांची भाषा सुधारली. निकाल तोच राहिला. चालकांनी वर्षभर मांडलेला हिशेब नियंत्रण कक्षातल्या घाईच्या निर्णयाने मिटावा, ही गोष्ट दोघांवरही अन्याय करणारी होती, कारण व्हर्स्टापेनच्या उत्तम हंगामावरही त्याची सावली पडली.

मोटारसायकल शर्यती : येथे पडण्याचा धोका मोठा, म्हणून आघाडी आणखी नाजूक. २००६ मध्ये व्हॅलेन्सियाला मोटोजीपी या मोटारसायकलींच्या अव्वल मालिकेची अखेरची शर्यत सुरू झाली तेव्हा व्हॅलेंटिनो रॉसी निकी हेडनपेक्षा आठ गुणांनी पुढे होता. सुरुवातीच्याच फेऱ्यांत रॉसी घसरला आणि कसाबसा तेरावा आला. तिसऱ्या आलेल्या हेडनने पाच गुणांनी विजेतेपद घेतले.

मॉस आणि हॉथॉर्न : १९५८ चा हंगाम येथे शेवटी घेतला आहे, कारण त्यातला निर्णायक क्षण अखेरच्या शर्यतीत नव्हताच. ऑगस्टमध्ये पोर्तुगालमधील पोर्तोला माइक हॉथॉर्न दुसरा आला, पण गाडी उलट दिशेने चालवल्याच्या आरोपावरून त्याला अपात्र ठरवण्याची तयारी झाली. हॉथॉर्नची गाडी ट्रॅकवर नव्हे, पदपथावर होती, अशी साक्ष ती शर्यत जिंकणाऱ्या स्टर्लिंग मॉसने दिली. मॉस हाच विजेतेपदासाठी त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी. हॉथॉर्नचे दुसऱ्या क्रमांकाचे आणि सर्वांत वेगवान फेरीचे मिळून सात गुण वाचले. १९ ऑक्टोबरला मोरोक्कोत कासाब्लांकाजवळच्या ऐन दियाब ट्रॅकवर मॉसने शर्यत जिंकली आणि सर्वांत वेगवान फेरीही घेतली. त्याच्या हातात होते ते सगळे त्याने केले. फेरारीच्या फिल हिलने मात्र हॉथॉर्नला दुसऱ्या स्थानावर जाऊ दिले आणि ४२ विरुद्ध ४१ अशा एका गुणाने हॉथॉर्न ब्रिटनचा पहिला जगज्जेता झाला. त्या हंगामात तो एकच शर्यत जिंकला होता, मॉस चार. त्याच शर्यतीत मॉसचा सहकारी स्टुअर्ट लुईस-एव्हान्स याच्या गाडीने पेट घेतला आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. हॉथॉर्नने लगेच शर्यतींतून निवृत्ती पत्करली. जानेवारी १९५९ मध्ये गिल्डफर्डजवळ एका साध्या रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. मॉस १९६२ पर्यंत धावत राहिला, एकूण १६ ग्रां प्री जिंकला, आणि जगज्जेता कधीच झाला नाही.