रिस्टोअर पॉइंटमधील व्हायरस

बिघाड झाल्यास मागच्या स्थितीला परत जाता यावे म्हणून विंडोज प्रणाली वेळोवेळी स्वतःच्या स्थितीची जी नोंद जपून ठेवते तिला रिस्टोअर पॉइंट म्हणतात. या साठ्यात अडकून राहिलेला व्हायरस आणि वापरणाऱ्याच्या पत्रांना, छायाचित्रांना, हिशेबांना धक्का न लावता तो काढण्याची रीत, हा या टिपणाचा विषय. नागपूरच्या दुरुस्ती दुकानांत या कामाला वेगळे नाव नाही. गिऱ्हाईक ‘व्हायरस येऊन राहिला’ एवढेच सांगते आणि दुकानदार बहुधा ‘फॉर्मॅट मारून देतो’, म्हणजे ड्राइव्ह पूर्ण पुसून देतो, म्हणतो.

उगम : मागे जाण्याची ही सोय प्रथम कोणी दिली याविषयी मतभेद आहेत. काही जण विंडोज एनटीमधील ‘लास्ट नोन गुड’ या सोयीकडे बोट दाखवतात. पण तीत शेवटच्या यशस्वी सुरुवातीच्या वेळची ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्रॅम) व सेवांची मांडणी तेवढी परत येते, तारीखवार टप्पे नसतात. विंडोज ९८मधील ‘स्कॅनरेज’ रोज एकदा रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोज व प्रोग्रॅमच्या मांडणीच्या नोंदवहीची, प्रत काढी आणि अशा पाच प्रती ठेवी. ही तारीखवार होती खरी, पण प्रोग्रॅमच्या फायलींना ती हात लावत नसे. त्याच सुमारास, १९९०च्या दशकाच्या अखेरीस, ‘गोबॅक’ हे वेगळे विकत घ्यावे लागणारे सॉफ्टवेअर आले. ते सगळी डिस्कच मागे नेई, त्यामुळे दुपारी लिहिलेले पत्रही सोबत मागे जाई. रजिस्ट्री आणि प्रोग्रॅमच्या फायली एकत्र मागे जाव्यात, वापरणाऱ्याचे लेखन मात्र जागच्या जागी राहावे, ही आजची कल्पना सप्टेंबर २०००मध्ये आलेल्या विंडोज मी या आवृत्तीत ‘सिस्टिम रिस्टोअर’ नावाने प्रथम दिसते. उगम तिथेच धरणे अधिक सयुक्तिक वाटते. आधीच्या सोयींना पूर्वरूपे म्हणता येईल.

व्हायरसचा प्रश्नही तिथूनच सुरू होतो. विंडोज मीमध्ये हा साठा सी ड्राइव्हच्या मुळाशी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असे आणि प्रणाली चालू असताना त्याला कोणी हात लावू शकत नसे. अँटिव्हायरसला व्हायरस दिसे, पण पुसता येत नसे. पुढच्या विंडोज एक्स्पी या आवृत्तीत (२००१) साठा ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या फोल्डरमध्ये गेला. त्यात प्रवेश मुळात फक्त प्रणालीच्या स्वतःच्या खात्याला असतो. तिथे फायलींची नावेही बदलली जातात : ‘ए’ आणि पुढे सात आकडे, शेवटचा प्रत्यय (फायलीचा प्रकार सांगणारी अक्षरे) मात्र तोच. अँटिव्हायरसच्या यादीत असे आकडेबाज नाव आले की ते बहुधा इथलेच असते.

एक्स्पीतील यंत्रणेचा एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. प्रोग्रॅमची फाइल बदलण्यापूर्वी किंवा पुसण्यापूर्वी तिची प्रत उतरवून ठेवणे हेच रिस्टोअरचे काम. फाइल कोण पुसतो आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. त्यामुळे अँटिव्हायरसने व्हायरसची मूळ फाइल पुसली की तिचीही प्रत साठ्यात जमा होऊ शके. म्हणजे साफसफाईच संसर्गाची साठवण करी. ही प्रत मात्र तिथे निपचित पडून असते. त्या तारखेला परत गेल्याशिवाय ती चालत नाही.

वैयक्तिक फायली : एक्स्पीत कोणत्या प्रत्ययांच्या फायलींवर लक्ष ठेवायचे याची ठरलेली यादी होती. कागदपत्रे व छायाचित्रे तीत नव्हती आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ फोल्डर पूर्णपणे वगळलेले होते. त्यामुळे एक्स्पीतला सगळा साठा रिकामा केला तरी कोणाचे पत्र जात नाही. पत्रे जाण्याची भीती अनाठायी होती. एक्स्पीनंतरच्या व्हिस्टा या आवृत्तीपासून गणित बदलले. तेथे फाइलनिहाय प्रती नसून संपूर्ण ड्राइव्हची छायाप्रत असते : डिस्कवरचा १६ केबीचा तुकडा बदलण्यापूर्वी जुना तुकडा बाजूला ठेवला जातो. मागे जाताना कागदपत्रांना आजही हात लागत नाही, पण छायाप्रतीत त्यांच्या जुन्या अवस्था असतात. विंडोज ७मध्ये फाइलवर उजवी कळ दाबून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ उघडले की त्या दिसत. रिस्टोअर पॉइंट पुसले की त्याही जातात. चालू फाइल सुरक्षित राहते, कालची प्रत नाही; ‘डेटा जात नाही’ असे दुकानात सांगताना हा फरक सहसा कोणी सांगत नाही.

क्रम : आधी रिस्टोअर बंद करायचे की आधी व्हायरस काढायचा, हा जुना वाद. पहिल्या पक्षाचा सल्ला विंडोज मी व एक्स्पीच्या काळातला : रिस्टोअर बंद करा, सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त आवश्यक भागांवर सुरू करून) स्कॅन करा, मग पुन्हा चालू करा. त्या काळी बंदिस्त फोल्डर उघडण्याचा तोच सोपा मार्ग होता. दुसरा पक्ष म्हणतो, साफसफाई करताना एखादी आवश्यक फाइल गेली आणि विंडोज सुरूच होईनासे झाले, तर बाधित का होईना, मागे जायला एक टप्पा हवा. विहिरीत गढूळ पाणी असले तरी आग लागलेली असताना ती कोणी बुजवत नाही. आजच्या प्रणालींसाठी दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते.

त्यानुसार प्रथम कागदपत्रे, छायाचित्रे आणि टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवतात. प्रोग्रॅमच्या फायली मुद्दाम सोडतात, कारण संसर्ग बहुधा त्यांतूनच जातो. मग इंटरनेट तोडून सेफ मोडमध्ये किंवा विंडोज सुरू होण्यापूर्वीच चालणाऱ्या ऑफलाइन पद्धतीने स्कॅन. संगणक दोनतीनदा सुरू करून नीट चालतो असे दिसल्यावरच ‘सिस्टिम प्रोटेक्शन’मध्ये जाऊन त्या ड्राइव्हचे सगळे पॉइंट पुसतात आणि लगेच नवा पॉइंट तयार करतात. डिस्क क्लीनअपमध्ये शेवटचा सोडून बाकीचे पुसण्याची सोय आहे. आधी नवा, स्वच्छ पॉइंट केला असेल तरच ती कामाची.

अपवाद खंडणीखोर व्हायरसचा. मे २०१७मध्ये पसरलेल्या वॉनाक्रायसारखे प्रकार फायली कुलूपबंद करतात आणि छायाप्रती स्वतःच पुसतात. त्यांतून एखादी वाचली असेल तर मूळ फाइल परत मिळवण्याचा तो कदाचित शेवटचा मार्ग असतो; तेथे साठा रिकामा करणे म्हणजे उरलेसुरलेही घालवणे.

नागपुरातील रीत : सीताबर्डीपासून महालापर्यंत रूढ उपाय सी ड्राइव्ह फॉर्मॅट करण्याचा आहे. ‘डी’ ड्राइव्हमधले राहते, पण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स मुळात ‘सी’मध्येच असतात, हे अनेकांना नंतर कळते. विद्यापीठाचे प्रबंध आणि न्यायालयाची कागदपत्रे टंकून देणाऱ्यांकडे आणखी एक घोळ होतो. कृती देवसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेला असतो. फॉर्मॅटमध्ये फॉन्ट गेला की तोच मराठी मजकूर रोमन अक्षरांची खिचडी होऊन दिसतो आणि ‘व्हायरसने फाइल खाल्ली’ अशी तक्रार येते. फॉन्ट परत टाकला की अक्षरे जागेवर येतात. पेन ड्राइव्हवरील ‘शॉर्टकट व्हायरस’चेही तसेच. मूळ फोल्डर तो पुसत नाही, फक्त लपवतो, आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे करतो. ड्राइव्ह स्कॅन केल्यावर लपवल्याची खूण काढली की फोल्डर होते तिथेच सापडतात. रिस्टोअर पॉइंटचा येथे काही उपयोग नाही, कारण अशा पेन ड्राइव्हवर ते तयारच होत नाहीत.