खेळाडू कोट्यातली नोकरी, दुखापत आणि राजीनाम्याचा कागद : सही करण्याआधी हे वाचा

मागच्या पावसाळ्यात आमच्या कायदेशीर मदतीच्या ऑफिसात एक कबड्डीवाला पोरगा आला, सोबत वडील. दारातून आत येताना त्याच्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि त्याला कळलंच नाही, वडिलांनी मागून उचलून आणली. पकडीत गुडघा निखळला होता, त्यात नस दुखावली, तेव्हापासून पाऊल वर उचलत नाही, दोन ऑपरेशनं झाली तरी नाही. एका सरकारी खात्यात खेळाडू कोट्यातून क्लार्क म्हणून लागलेला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, तुला खेळायला घेतलं होतं, आता खेळता येत नाही तर राजीनामा दे, आणि वर "स्वखुशीने" असं लिही. तो टाईप केलेला कागद चार घड्या करून शर्टाच्या खिशात होता. सही केली नव्हती, तेवढ्यानेच अर्धं काम वाचलं.

तर पहिली गोष्ट हीच, सही करू नका. दबाव असेल तर "विचार करून लेखी कळवतो" एवढंच बोला आणि बाहेर या. स्वखुशीने राजीनामा दिला असं एकदा कागदावर आलं की मग ते जबरदस्तीने लिहून घेतलं हे सिद्ध करत बसावं लागतं, आणि केबिनमधल्या बोलण्याला साक्षीदार कुठून आणणार?

दुसरी गोष्ट, घरी जाऊन अपॉइंटमेंट लेटर काढा आणि पद काय लिहिलंय ते बघा. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे, बँका, पोलीस यांची भरती वेगळी, पण बहुतेक ठिकाणी ऑर्डर निघते ती क्लार्क, शिपाई, कॉन्स्टेबल अशा पदाची. खेळामुळे दार उघडलं हे खरं, पण पगार त्या पदाचा आहे. आमचं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्यातलं कलम २० पोटकलम ४ पाठच करून ठेवा. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापना माणसाला काढू शकत नाही, खालच्या पदावर ढकलू शकत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच पगारात, त्याच लाभांसकट दुसरं पद द्यायचं, तसं पद रिकामं नसेल तर मिळेपर्यंत किंवा रिटायरमेंटपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा पदावर ठेवायचं. जुन्या १९९५ च्या कायद्यातही हेच होतं, आणि कुणाल सिंग नावाच्या जवानाच्या केसमध्ये २००३ साली सुप्रीम कोर्टाने ते ठणकावून सांगितलं. त्यांचा डावा पाय कापावा लागला होता, खात्याने अपात्र म्हणून घरी पाठवून पेन्शन चालू केली होती. कोर्ट म्हणालं, पेन्शन घेतली म्हणून संरक्षण जात नाही. मात्र केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या लढाऊ पदांना सरकारने पुढे या संरक्षणातून वगळलंय, तिथले कोणी असाल तर आधी आम्हाला सांगा, तुमचा रस्ता वेगळा आहे.

आणखी एक, प्रत्येक दुखापत म्हणजे अपंगत्व नाही. स्नायू ताणला, सहा महिन्यांत बरा झाला, त्यावर केस उभी राहत नाही आणि आम्ही ती घेणारही नाही. दीर्घकाळ टिकणारी अडचण हवी. पण "चाळीस टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट नाही तर काहीच मिळणार नाही" हेही चूक आहे. कामात वाजवी सोय, म्हणजे बसून करायचं काम, तळमजल्यावरचं टेबल, असलं काही मागायला ४० टक्क्यांची अट नाही, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विकास कुमार केसमध्ये ते स्पष्ट केलं. आणि त्या सोयीचा खर्च तुमच्याकडून वसूल करता येत नाही.

लीगमध्ये किंवा खाजगी क्लबकडून करारावर खेळणाऱ्यांना मात्र खरं सांगायला पाहिजे. कलम २० सरकारी आस्थापनांपुरतं आहे. तुमच्यासाठी कलम ३ चं भेदभावाविरुद्धचं संरक्षण आणि करारातली दुखापतीची अट, एवढ्यावर लढावं लागतं, आणि ते अवघड आहे. अमेरिकेतही हाच घोळ झाला होता. केसी मार्टिन या गोल्फरच्या पायात रक्ताभिसरणाचा आजार, त्याला स्पर्धेत चालण्याऐवजी गाडी हवी होती. तो कोणाचा नोकर नव्हता, म्हणून तिथल्या अपंगत्वाच्या कायद्यातल्या, लोकांसाठी खुल्या जागांच्या कलमाखाली लढला आणि २००१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टात ७ विरुद्ध २ ने जिंकला. चालणं हा गोल्फचा गाभा नाही, असं कोर्टाने धरलं. आम्हाला हा निकाल फार आवडतो, कारण प्रश्न बरोबर विचारलाय, की खेळाला नेमकं काय लागतं? आपल्याकडे पतौडींचा एक डोळा १९६१ च्या अपघातात गेला आणि पुढच्याच वर्षी ते भारताचे कॅप्टन झाले, तेव्हा "हा आता खेळूच शकत नाही" हे खेळाडूला न तपासता कोणी ठरवू नये.

तक्रार आधी खात्यातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी, आणि पोच घ्या, पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. तिथे नाही झालं तर राज्य सरकारच्या नोकरीसाठी पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे, रेल्वे-बँकवाल्यांनी दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे. आयुक्तांचा निर्णय शिफारशीसारखा असतो हे लक्षात ठेवा, खात्याने ऐकलं नाही तर हायकोर्टात जावं लागतं, तिथे वेळ आणि पैसा दोन्ही लागतो, आम्ही ते आधीच सांगतो.

येताना अपॉइंटमेंट लेटर, दुखापत झाली त्या सामन्याला खात्याने पाठवलं होतं त्याची ऑर्डर, डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचे रिपोर्ट, पगाराच्या स्लिपा आणि साहेबांचे व्हॉट्सॲप मेसेज डिलीट न करता घेऊन या. पहिल्या भेटीत फाईल बघायचे पैसे घेत नाही. घरचं कोणी सोबत आलं तर उत्तम, कारण खेळाडू पोरं दुखणं कमी करून सांगतात, चप्पल निसटते हे त्या पोराच्या वडिलांनीच सांगितलं होतं.