उणे तीसमध्ये ट्रक: काय थिजतं, काय गोठतं

कॅनडातल्या एडमंटनला नव्याने आलेल्या माणसाच्या नजरेत एक गोष्ट लगेच भरते. उभ्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेची पिन लोंबत असते. हातभर केबल आणि टोकाला तीन पायांची साधी पिन. गाडी पेट्रोलवर चालणारी, मग ही वायर कशाला?

आम्ही ऑक्टोबरमध्ये व्हँकुव्हरहून इथे आलो, आमचा ट्रक घेऊन. इकडे ट्रक म्हणजे पिकअप: पुढे केबिन, मागे उघडा हौदा. व्हँकुव्हरचा हिवाळा पावसाचा, पारा शून्याच्या आसपास. इथे उणे तीसची लाट बहुतेक दर हिवाळ्यात येते. त्या लाटेसाठी ट्रक तयार करताना मला सारखी आठवण येत होती ती पुण्याच्या घरातल्या खोबरेल तेलाच्या बाटलीची. डिसेंबरात तेल थिजायचं, मग आई बाटली गरम पाण्यात धरायची. आपल्या भाषेत तूप-तेल थिजतं आणि पाणी गोठतं. हा भेद फार नेमका आहे, आणि ट्रकमध्ये दोन्ही प्रकार घडतात.

आधी थिजणं. इंजिन ऑइल उणे तीसला दगड होत नाही, पण काकवीसारखं जड होतं. पंपाला ते ओढवत नाही आणि सुरुवातीचे काही क्षण धातूवर धातू कोरडा घासतो. ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते तेल थंडीत पातळ राहतं. म्हणून इथे ०डब्ल्यू तेलाला मागणी असते; अर्थात ते आपल्या इंजिनाला चालतं का, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच घालायचं.

आणि ती लोंबणारी पिन म्हणजे इंजिनसाठी गरम पाण्यात धरलेली बाटलीच. आत ब्लॉक हीटर असतो, काहीशे वॉटचा. तो इंजिनमधला कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात फिरणारा द्रव, तापवतो आणि त्या उबेने सगळं इंजिन कोमट राहतं. अमेरिकेत नॉर्थ डाकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन यांना अशा हीटरचं पेटंट १९४९ मध्ये मिळालं. तो रात्रभर चालू ठेवायची गरज नाही. टायमर लावून निघण्याआधी तीन-चार तास पुरतात.

डिझेल तर अक्षरशः थिजतं. त्यात मुळातच मेण विरघळलेलं असतं. थंडीत त्याचे कण वेगळे होतात, डिझेल गढूळ दिसू लागतं आणि ते कण फिल्टरच्या जाळीत अडकून बसतात. टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहतं. लडाखमध्ये हीच अडचण होती. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. आमचा ट्रक पेट्रोलचा, त्यामुळे ही काळजी नव्हती.

आता गोठणं. हे जास्त धोक्याचं, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि त्या जोरापुढे इंजिनचा ओतीव ब्लॉकही तडकतो. म्हणून रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नसतं, इथिलीन ग्लायकॉल नावाचं द्रव रसायन मिसळलेलं असतं; हेच मिश्रण म्हणजे कूलंट. इथे मला सर्वांत नवल वाटलं. पाणी शून्याला गोठतं आणि शुद्ध ग्लायकॉल साधारण उणे १३ ला. पण दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं की ते मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं! बर्फ व्हायचा तर पाण्याच्या रेणूंना ठरावीक रचनेत रांगा लावाव्या लागतात. ग्लायकॉलचे रेणू मध्ये घुसून त्या रांगा मोडतात. उलट ग्लायकॉलच्या रांगा पाण्याचे रेणू मोडतात. दोघं एकमेकांना गोठू देत नाहीत. म्हणूनच ‘थंडी जास्त, तर शुद्ध ग्लायकॉलच ओतू’ हा विचार घातक आहे.

आमचा कूलंट तपासला तेव्हा मेकॅनिकने एक थेंब काचेवर टाकून छोट्या दुर्बिणीसारखं यंत्र माझ्या हातात दिलं. उजेडाकडे धरल्यावर आत वरचा भाग निळा, खालचा पांढरा, आणि त्यांच्यामधली रेघ उणे २० च्या आसपास, म्हणजे आमचा कूलंट तेवढ्यालाच गोठू लागला असता. व्हँकुव्हरला असताना कधीतरी कुणीतरी त्यात वरून नुसतं पाणी घातलं होतं. तिथे ते खपून गेलं. इथे जानेवारीत इंजिनच गेलं असतं. एका थेंबाने ते वाचलं.

बॅटरीचं दुखणं वेगळं. थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ ला तिचा जोर बराच घटतो, आणि नेमकं तेव्हाच घट्ट तेलातलं इंजिन फिरवायला जास्त जोर हवा असतो. बॅटरीवर सीसीए नावाचा आकडा असतो: उणे १८ ला ३० सेकंद ती किती अँपिअर देऊ शकते तो. बॅटरी घेताना तोच पाहावा. पूर्ण चार्ज बॅटरीतलं आम्ल उणे ५० लाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत ते जवळजवळ पाणीच उरतं आणि शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून कवच फोडतं.

टायर मात्र आम्ही निघण्याआधीच बदलले होते, कारण ब्रिटिश कोलंबियाच्या घाटरस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून बर्फाचे टायर सक्तीचे असतात. साधं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतं आणि मग ते रस्त्याच्या बारीक खडबडीत दबून बसत नाही. हिवाळी टायरचं रबर मऊच राहतं. त्याच्या अंगावर सुरीने कापल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्या चिरांत बर्फ भरतो आणि बर्फाला बर्फ चिकटतो. मुलं बर्फाचा गोळा वळतात तेव्हा हेच होतं. हवाही तपासत राहावी. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ३५ पीएसआय भरलेला टायर उणे ३० ला जेमतेम २७ दाखवतो, कुठेही पंक्चर नसताना.

आकडे पाहिले की बर्फाची भीती नीट कळते. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी कोरड्या डांबरावर सुमारे १४ मीटरमध्ये थांबते, आणि गुळगुळीत बर्फावर जवळजवळ १०० मीटर घेते. गंमत अशी की उणे २५ पेक्षा उणे २ चा बर्फ जास्त निसरडा असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. फोर-व्हील ड्राइव्हचा इथे उपयोग नाही. तो गाडी निघायला मदत करतो, थांबायला नाही. हे मी प्रत्येक नव्या पिकअपवाल्याला सांगतो.

रिकाम्या पिकअपचं आणखी एक दुखणं म्हणजे बरंचसं वजन पुढे, इंजिनाकडे. मागची चाकं हलकी, म्हणून वळणावर ट्रकचा मागचा भाग सरकतो. हौद्यात वाळूची चार पोती ठेवली की चाकं दबतात. पण ती मागच्या आसावर, किंचित पुढेच ठेवायची. फाळक्याला टेकवून ठेवली तर तरफेसारखं पुढचं टोक उचललं जातं आणि स्टिअरिंगची पकड जाते. बांधलेलीही हवीत. पोतं फुटलं तरी वाळू वाया जात नाही, अडकलेल्या चाकाखाली टाकायला होते.

शेवटचं सामान म्हणजे ब्लँकेट, टॉर्च, जंपर केबल, खाऊ आणि फावडं. बर्फात अडकल्यावर माणसं उबेसाठी इंजिन चालू ठेवतात. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो. त्याला ना वास, ना रंग. झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस उठत नाही. म्हणून इंजिन लावण्याआधी दर वेळी खाली उतरून ते तोंड मोकळं करायचं, खिडकी बोटभर उघडी ठेवायची, आणि दहा मिनिटांनी इंजिन बंद. आमचं फावडं त्यासाठी हौद्यात नाही, सीटच्या मागे असतं. हौद्याच्या कव्हरचं कुलूप पहिल्याच वादळात गोठून बसलं होतं.