मागच्या पुठ्ठ्यातली चिठ्ठी : सभासदांसाठी माहिती

आपल्या लायब्ररीच्या प्रत्येक पुस्तकात मागच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी डकवली आहे. ती तारखेच्या शिक्क्यासाठी नाही, तुमच्या मतासाठी आहे. नाव, सभासद क्रमांक काही नको. मात्र ‘छान’, ‘वाचनीय’ एवढंच लिहायचं असेल, तर कोरी राहिलेली बरी.

कुठे अडलात, कुठे पानं भराभर उलटलीत, ते लिहा. ‘रणांगण’च्या चिठ्ठीवर एका ताईंनी लिहिलंय, ‘पातळ बघून प्रवासाला नेलं. आठवडा लागला. मधेमधे मिटून ठेवावं लागलं.’ 1939 सालची कादंबरी, युरोपातून निघालेल्या बोटीवरची, हे आम्ही काउंटरवरून कितीदा सांगितलं असेल. पण ती चिठ्ठी वाचून पुस्तक नेणारे जास्त.

‘माझा प्रवास’ आम्ही प्रवासवर्णनांत लावलं होतं. एका काकांनी लिहिलं, ‘सहलीचं समजून नेलं आणि झाशीच्या वेढ्यात अडकलो.’ बरोबरच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दानदक्षिणेच्या आशेने 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. पुस्तक छापून आलं ते 1907 मध्ये. आता एक प्रत इतिहासाच्या कपाटात आहे, दुसरी आत्मचरित्रांत. (पहिलीच जागा ठीक होती म्हणणारेही दोघे आहेत.)

रहस्यकथांना एकच नियम : खुनी कोण ते लिहायचं नाही. मागे एका महाशयांनी बाराव्या पानावर एका नावाभोवती गोल काढून ‘हाच!’ असं लिहून ठेवलं. तो नव्हताच. म्हणून ते पुस्तक आम्ही तसंच ठेवलंय.

कवितासंग्रहाला आवडलेल्या कवितेचा पान नंबर पुरे. विज्ञानकथांच्या चिठ्ठ्या जवळजवळ सगळ्या शाळकरी अक्षरातल्या आहेत. मोठ्यांनी ते कपाट मुलांचं का ठरवलंय कोण जाणे. नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’पासून सुरुवात करून बघा.

पुस्तक आवडलं नाही, तरी बेलाशक लिहा. लेखकाच्या घरादारावर घसरलात, तर मात्र वरून कागद चिकटवू.

दिवाळी अंकांना चिठ्ठी नाही. ते चार दिवसांत परत यायला हवेत.

पेन्सिलच वापरा, शाई पलीकडे उमटते. चिठ्ठी भरली की आम्ही नवी लावतो आणि जुनी काउंटरवरच्या हिरव्या फाइलीत जाते. पुस्तक निवडण्याआधी ती फाइल मागून घ्या.