ख्रिस्ती महाविद्यालयांतील गाभा अभ्यासक्रम आणि बायबलची अट

ख्रिस्ती महाविद्यालयांतील गाभा अभ्यासक्रम : मुख्य विषय कोणताही घेतला तरी प्रत्येक विद्यार्थ्याला पूर्ण करावेच लागणारे सामान्य शिक्षणाचे विषय आणि त्यांच्या जोडीला बायबल व ईश्वरविज्ञानाचे ठरावीक कोर्स. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेत रुजलेली आहे. तिथली चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे कोर्सचा भार मोजायचे एकक) असते आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचा भाग सामान्य शिक्षणाकडे जातो. भाषा, गणित, इतिहास, विज्ञान, कला हे सरकारी विद्यापीठातही असतेच. ख्रिस्ती महाविद्यालयात त्यावर जुना करार व नवा करार हे बायबलचे दोन भाग आणि ख्रिस्ती सिद्धांत यांची भर पडते आणि ती भौतिकीच्या विद्यार्थ्यालाही चुकत नाही. सेमिनरीशी याची गल्लत करू नये. सेमिनरीत पाळक तयार होतात. इथून परिचारिका, शिक्षक, हिशेबनीस, संशोधक बाहेर पडतात. ‘व्हीटन’ महाविद्यालयाचे सर्वांत प्रसिद्ध माजी विद्यार्थी, सुवार्तिक बिली ग्रॅहम, यांनी १९४३ साली पदवी घेतली ती मानवशास्त्रात.

हे व्हीटन महाविद्यालय शिकागोच्या पश्चिमेला आहे. गुलामगिरीचे कट्टर विरोधक जोनाथन ब्लँचर्ड हे त्याचे पहिले अध्यक्ष; स्थापना १८६० ची. ‘ख्रिस्तासाठी आणि त्याच्या राज्यासाठी’ हे ब्रीदवाक्य. इथल्या सध्याच्या गाभा अभ्यासक्रमाचे नावच ‘क्राइस्ट ॲट द कोअर’, म्हणजे गाभ्याशी ख्रिस्त. पहिल्या वर्षी सर्वांना एक चर्चावर्ग असतो. चांगले जगणे कशाला म्हणावे, यासारखे प्रश्न त्यात मोजक्या विद्यार्थ्यांच्या गटात घोळवले जातात. त्याशिवाय दोन्ही करारांचे आणि ख्रिस्ती सिद्धांताचे कोर्स, परकीय भाषा, लेखन, आणि इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, प्रयोगशाळेतले विज्ञान अशा निरनिराळ्या अंगांनी निवडायचे विषय. पुढच्या वर्षांत दोन विद्याशाखांना एकत्र आणणारा चर्चावर्गही घ्यावा लागतो. अध्यापकांना दरवर्षी महाविद्यालयाच्या विश्वासनाम्यावर सही करावी लागते.

बायबलच्या या तासांना नेमके काय होते, ते ‘उत्पत्ती’ या बायबलमधल्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावरून कळते. चर्चच्या रविवारच्या शाळेत तो अध्याय पाठ केलेला मुलगा अठराव्या वर्षी वर्गात बसतो, आणि त्याच्यासमोर शेजारच्या बाबिलोनची सृष्टिकथा ठेवली जाते. तिच्यात मार्दुक हा देव तियामत या समुद्रदेवीला मारतो, तिचे शरीर चिरतो आणि त्यातून आकाश-पृथ्वी घडवतो. उत्पत्तीत युद्ध नाही, प्रेत नाही. देव बोलतो आणि जलांची विभागणी होते. मग नजर जाते सूर्य-चंद्राकडे. त्यांची नावेसुद्धा अध्यायात येत नाहीत. एक मोठी ज्योती आणि एक लहान ज्योती, एवढाच त्यांचा उल्लेख. आजूबाजूचे लोक ज्यांना देव मानून नमस्कार करत होते, त्यांना इथे दिव्यांचे काम दिलेले आहे. हे एकदा डोळ्यांत भरले की ‘ते सहा दिवस किती तासांचे?’ या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न उभा राहतो : हे कोणाला सांगितले जात होते, आणि त्यांच्या कानांवर रोज काय पडत होते?

त्याच विद्यार्थ्याचा पुढचा तास भूशास्त्राचा असू शकतो आणि तिथे खडकांचे वय कोट्यवधी वर्षांत मोजले जाते. गाभा अभ्यासक्रमाचा खरा कस या दोन वर्गांमधल्या दहा मिनिटांत लागतो. बायबलचे क्रेडिट वाढवणे हे वेळापत्रकाचे काम आहे. भूशास्त्राच्या अध्यापकाने उत्पत्ती नीट वाचलेली असणे आणि बायबलच्या अध्यापकाने खडकांचा पुरावा समजून घेतलेला असणे, हे त्याहून फार अवघड. इथे या महाविद्यालयांतल्या लोकांच्या तोंडी ‘विश्वास आणि विद्या यांचा मिलाफ’ असा शब्दप्रयोग असतो. त्यामागे डच विचारवंत आब्राहम काइपर यांची शिकवण आहे. १८८० मध्ये ॲमस्टरडॅमच्या मुक्त विद्यापीठाच्या उद्घाटनात त्यांनी मांडले की माणसाच्या जगण्याचा इंचभर भागही ख्रिस्ताच्या सत्तेबाहेर नाही. मिशिगनमध्ये डच रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट परंपरेतून १८७६ साली निघालेले कॅल्व्हिन हे आजचे विद्यापीठ याच विचारावर वाढले. तिथे बायबलच्या कोर्सची संख्या कमी. भर प्रत्येक विषय ख्रिस्ती दृष्टीने शिकवण्यावर. लॉस एंजेलिसमध्ये १९०८ साली बायबल संस्था म्हणून निघालेल्या बायोलाची परंपरा वेगळी. तिथे दीर्घकाळ प्रत्येक पदवीधराला बायबल व ईश्वरविज्ञानाचे ३० क्रेडिट घ्यावे लागत, म्हणजे ‘मायनर’ (दुय्यम विषय) होईल इतके. कॅथलिक नोत्र दाम विद्यापीठात ईश्वरविज्ञानाच्या दोन कोर्सना तत्त्वज्ञानाची जोड असते, कारण कॅथलिक परंपरेत श्रद्धेपर्यंत जाणारी वाट तर्कातूनही जाते.

ही अट कुठून आली? आरंभी ती अट म्हणून वेगळी नव्हतीच. १६३६ साली स्थापन झालेल्या हार्वर्डच्या सुरुवातीच्या नियमांत विद्यार्थ्याने दिवसातून दोनदा शास्त्रवाचन करावे असे होते. हिब्रूही शिकावी लागे. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच महाविद्यालयांत शेवटच्या वर्षी अध्यक्ष स्वतः नीतिशास्त्र शिकवत आणि चार वर्षांचे सारे शिक्षण त्या एका वर्गात गोळा होई. चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडायची मुभा दिली आणि हा गाभा विरघळला. १८८६ मध्ये तिथली सक्तीची उपासनाही बंद झाली. पुढे, सगळेच ऐच्छिक झाल्यावर पदवीधरांत समाईक काय उरले, ही चिंता धर्माशी बांधील नसलेल्या विद्यापीठांनाही लागली. कोलंबियाने १९१९ मध्ये पाश्चात्त्य संस्कृतीचा सक्तीचा कोर्स सुरू केला. हार्वर्डने १९४५ मध्ये सामान्य शिक्षणावर मोठा अहवाल काढला. ख्रिस्ती महाविद्यालयांनी मात्र बायबल सोडले नव्हते. म्हणून त्यांच्याकडे ‘समाईक काय?’ याचे उत्तर होते. ते त्यांना नीट वापरता आले का, हा वेगळा प्रश्न.

उपासना हा या रचनेचा न मोजलेला भाग. व्हीटनमध्ये आठवड्यातून अनेकदा सगळे महाविद्यालय एडमन सभागृहात जमते आणि हजेरी धरली जाते. सक्तीच्या प्रार्थनेत प्रार्थना उरते का, ही शंका खरी आहे आणि ती सर्वांत आधी विद्यार्थीच काढतात. दुसरी तक्रार अभ्यासाची : घरात बायबल ऐकत वाढलेली आणि ते कधीच न उघडलेली मुले एकाच बाकावर बसतात, एकाला वर्ग उजळणीचा वाटतो, दुसऱ्याला अब्राहाम आधी की मोशे हेही ठाऊक नसते. या अडचणीला चांगला अध्यापक हाच उपाय आहे. पहिल्याला माहीत असलेल्या गोष्टीतली अनोळखी जागा जो दाखवतो, तो दुसऱ्यालाही सोबत नेतो.

महाराष्ट्राशी या परंपरेचे नाते जुने आहे. १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू करणारे गॉर्डन हॉल हे विल्यम्स या अशाच न्यू इंग्लंडमधल्या महाविद्यालयाचे पदवीधर. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत इंग्रजी शाळा काढली. तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. तिथे बायबल सर्वांना होते. पण फरक मोठा : अमेरिकेत विद्यार्थी ख्रिस्ती घरांतले, इथे ब्राह्मण, प्रभू, पारशी. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पारशी समाज खवळला आणि शाळेतली मुले धडाधड काढून घेतली गेली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण न्यायालयात गेले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी आपली प्रतिष्ठा पणाला लावली. ज्या वर्गात इंग्रजी आणि गणित मिळत होते, त्याच वर्गात घर तुटण्याची भीतीही होती, हे विसरून मिशन शिक्षणाचा इतिहास लिहिता येणार नाही.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांत धर्माबाबत तटस्थता ठेवली आणि मिशनच्या शाळांनाही अनुदानाचा मार्ग खुला केला. मग अनुदान घेणाऱ्या शाळेत बायबलच्या तासाला न बसण्याची मुभा असावी का, हा वाद कित्येक दशके चालला. स्वतंत्र भारतात तो संविधानाच्या अनुच्छेद २८ ने मिटवला : शासनमान्य किंवा शासकीय मदत घेणाऱ्या संस्थेत कोणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण देता येत नाही. त्यामुळे अमेरिकेसारखी अट आपल्याकडच्या ख्रिस्ती महाविद्यालयांत नाही. अनेक मिशन शाळांत ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाच्या तासाला जातात, बाकीची मुले त्याच वेळी शेजारच्या वर्गात ‘मॉरल सायन्स’ शिकतात.