वार्धक्यभय

वय वाढेल, शरीर थकेल आणि आपला कुणाला तरी भार होईल, या विचाराने मनात घर करणारी भीती. थोडीफार ती प्रत्येकाला असते. तो आजार नव्हे.

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतली वडीलधारी माणसे मरणाविषयी मोकळेपणाने बोलतात. ‘अंथरुणाला खिळू नये, हातपाय चालते असतानाच सुटका व्हावी’ हे मात्र हलक्या आवाजात सांगतात. ‘अनायासेन मरणं विना दैन्येन जीवनम्’ या प्रार्थनेतले मागणेही तेच. म्हणजे धास्ती मृत्यूपेक्षा परावलंबनाची. गुडघे, औषधपाण्याचा खर्च, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली मुले, जोडीदारामागे उरणारे एकटेपण असे तिचे धागे सुटे केले, तर निदान काहींवर इलाज सापडतो.

या बाबतीत कोल्हापूरच्या तालमीकडे मानसशास्त्रानेही पाहावे. पैलवानाची उतरती कळा इतरांच्या फार आधी, तिशी-पस्तिशीतच सुरू होते. खासबागेच्या कुस्ती मैदानात टाळ्या घेतलेल्या माणसाला ती सोसणे सोपे नसते. पण कुस्ती सुटली तरी तालीम सुटत नाही. तो वस्ताद होतो. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर पुढे मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून नावाजले. अंगातली रग ओसरली तरी पोराचा पाय कुठे चुकला हे वस्तादाच्या नजरेला दिसते, आणि त्याच्या शब्दावर आखाडा हलतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी पुढच्या पिढीला घडवण्याची ही ओढ प्रौढपणाची मुख्य गरज मानली होती. घरात आजोबांना ‘तुम्ही बसा निवांत’ म्हणणारी माया नकळत हीच गरज मारते.

आयुष्याचा मागोवा घेत ते कुणाला तरी सांगणे हाही जुना उपाय. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये त्याला शास्त्रीय रूप दिले. रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर संध्याकाळी हा उपाय रोज चालतो. अमेरिकेतील बेका लेव्ही यांच्या २००२ च्या अभ्यासात, स्वतःच्या वार्धक्याकडे चांगल्या नजरेने पाहणारे लोक सरासरी साडेसात वर्षे अधिक जगल्याचे आढळले. म्हणून ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण घरात उठताबसता वापरू नये.

झोप उडाली, आरसा किंवा वाढदिवस टाळावासा वाटू लागला, दर दुखण्यात मोठा आजार दिसू लागला आणि हे आठवडे-महिने टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा मोफत असून मराठीतही बोलता येते.