स्वप्नात मार खाणं आणि झोपेत मारणं
स्वप्नात हातून खून होतो, पोलीस दाराशी येतात, शिक्षा होते आणि घामाघूम होऊन जाग येते. हे दुःस्वप्न. दुसऱ्या प्रकारात कुणीतरी अंगावर धावून येतं, आपण प्रतिकार करतो आणि शेजारी झोपलेल्या बायकोला खरोखरच गुद्दा बसतो. दोन्ही बहुधा उत्तररात्री होतात, कारण रेम झोप, म्हणजे बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि स्वप्नं पडतात तो झोपेचा टप्पा, तेव्हा जास्त असते. पहाटेची स्वप्नं लक्षात राहतात तीही त्यामुळेच. ती खरी होतात की नाही, हा भाग वेगळा.

फरक ओळखायचा तो हातापायांवरून. रेम झोपेत मेंदू स्नायूंना जवळपास लुळं करून ठेवतो. दुःस्वप्नात हा लगाम शाबूत असतो. तो सुटला की माणूस ओरडतो, लाथा झाडतो, पलंगावरून पडतो. हा रेम झोपेतील वर्तनविकार. त्याचं वर्णन शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी 1986 मध्ये अमेरिकेत केलं. तो पन्नाशीपुढच्या पुरुषांत जास्त दिसतो, आणि दिवसा ही माणसं बहुधा शांतच असतात. ‘मनात राग दाबलाय’ हा घरच्यांचा निष्कर्ष म्हणूनच अन्यायाचा.

याकडे दुर्लक्ष मात्र महागात पडतं. 2019 च्या एका बहुकेंद्री अभ्यासात अशा 1280 रुग्णांपैकी दरवर्षी सुमारे 6 टक्क्यांना पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंशासारखा आजार जडला. वास कमी येणं, जुनी बद्धकोष्ठता सोबत असेल तर न्यूरॉलॉजिस्टला आवर्जून सांगा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हा प्रकार सुरू होतो. त्या परस्पर बंद करू नका. झोपेत श्वास अडकण्याचा आजारही हुबेहूब असाच दिसू शकतो, म्हणून निदानाला व्हिडिओसह रात्रभराची झोपतपासणी लागते. तोवर गादी जमिनीवर घाला, काचेच्या वस्तू हलवा, जोडीदाराची झोपायची सोय वेगळी करा. औषध म्हणून मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात. श्वास अडकत असेल तर क्लोनाझेपाम धोक्याचं.

अपराधाची, शिक्षेची दुःस्वप्नं वारंवार पडत असतील तर उपाय निराळा. दिवसा स्वप्न लिहून काढा, त्याचा शेवट हवा तसा बदला आणि बदललेलंच रूप रोज 10 ते 20 मिनिटं डोळ्यांसमोर आणा. बरेच जण मूळ स्वप्नच घोळत बसतात किंवा सुरुवातीलाच सगळ्यात भयंकर स्वप्न घेतात, आणि दोन दिवसांत सोडून देतात. कमी त्रासाचं आधी घ्यावं. प्रत्यक्ष घडलेला हल्ला किंवा अपघातच पुनःपुन्हा दिसत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीनेच करावं.